वाळवंटातल्या खडकांचे फोटो: आधी ऊन बघा, मग कॅमेरा काढा

वाळवंटातल्या खडकांचे ढीगभर फोटो बघितले की एक गोष्ट लगेच लक्षात येते. जागा जबरदस्त, कॅमेरा चांगला, आकाश निळंशार, आणि तरी खडक सपाट दिसतो. समोर उभं राहिल्यावर जो कातळ अक्षरशः अंगावर येतो तोच फोटोत नाटकाच्या मागच्या रंगवलेल्या पडद्यासारखा होऊन जातो. बहुतेक वेळा याचं कारण लेन्स नसतं, ऊन असतं. खडकाची गोलाई, भेगा, थर, पोटातली खोलगट जागा हे सगळं आपल्याला सावलीमुळे कळतं, सावलीच नसेल तर फक्त रंग दिसतो, आकार नाही. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं काम हे की समोरचा हा ठरावीक खडक कुठल्या उन्हात उघडतो ते शोधायचं आणि त्या वेळी तिथे हजर राहायचं. सेटिंग पुढे सांगतोच, पण तो भाग खरंच सोपा आहे.

पोचलात की लगेच क्लिक क्लिक सुरू करू नका. जमत असेल तर खडकाभोवती एक पूर्ण चक्कर मारा, फोनमधलं होकायंत्र उघडा आणि बघा की त्याची कुठली बाजू कुठल्या दिशेला आहे. पूर्वेकडे तोंड असलेला कडा सकाळी उजळणार आणि दुपारनंतर अख्खा सावलीत जाणार, पश्चिमेचा उलटं. ऐकायला अगदी साधं आहे, पण कितीतरी जण "संध्याकाळी उजेड छान असतो" एवढंच डोक्यात ठेवून पूर्वेच्या कड्यासमोर जाऊन उभे राहतात आणि मग सगळे फोटो निळसर, मेलेले येतात.

दोन कमानींचं उदाहरण घ्या, दोन्ही अमेरिकेत युटामध्ये, दोन्ही वालुकाश्माच्या. आर्चेस नॅशनल पार्कमधली डेलिकेट आर्च बघायला लोक संध्याकाळी चढून जातात कारण नेहमीच्या जागेवरून बघताना मावळतीचं ऊन तिच्यावर पडतं आणि ती लालभडक होते. तिथून फार लांब नसलेल्या कॅन्यनलँड्समधली मेसा आर्च मात्र पहाटेची. ती कड्याच्या अगदी टोकाला आहे, सूर्य उगवला की ऊन तिच्या खालच्या लाल कड्यावर आपटतं आणि तिथून लालसर होऊन वर उसळतं, त्यामुळे कमानीची खालची बाजू, जिथे थेट ऊन कधी पोचूच शकत नाही ती, केशरी पेटते. सूर्य थोडा वर चढला की संपलं. हे परावर्तित उन्हाचं प्रकरण नीट समजून घ्या, वाळवंटात ते सगळीकडे कामाला येतं, कारण आजूबाजूची वाळू आणि कडेच तुमचे रिफ्लेक्टर असतात.

दुसरी गोष्ट, सूर्य रोज एकाच जागी उगवत नाही हे आपण शाळेत शिकतो आणि फोटो काढताना विसरतो. साधारण ३० अंश अक्षांशावर, म्हणजे जगातली बरीच मोठी वाळवंटं जिथे आहेत तिथे, उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात सूर्य पूर्वेपासून जवळपास २७ अंश उत्तरेला उगवतो आणि हिवाळ्यात तेवढाच दक्षिणेला. म्हणजे जूनमध्ये पहाटे ज्या घळीत ऊन शिरतं तिथे डिसेंबरमध्ये कदाचित शिरणारच नाही. अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीत तर वर्षातून दोनदाच, मार्चच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या मध्याला, काही मोजके दिवस असे येतात की संध्याकाळी वेस्ट मिटन या सुळक्याची सावली सरकत सरकत समोरच्या ईस्ट मिटनवर जाऊन पडते, आणि त्यासाठी लोक लांबून येतात. फोटोपिल्ससारखं ॲप असेल तर नकाशावर पिन टाकून कुठल्या तारखेला कुठल्या मिनिटाला ऊन कुठून येणार हे घरबसल्या दिसतं. एकच गोष्ट लक्षात ठेवा की ॲप सूर्योदयाची जी वेळ दाखवतं ती मोकळ्या क्षितिजाची असते. समोर उंच कडा असेल तर ऊन तुमच्यापर्यंत यायला अर्धा-पाऊण तास जास्त लागू शकतो आणि संध्याकाळी तेवढंच लवकर जाऊ शकतं. म्हणून शक्य असेल तर आदल्या दिवशी जाऊन घड्याळ लावून बघाच.

आता ऊन कुठल्या बाजूने हवं. माझी पहिली पसंती नेहमी बाजूने येणारं, तिरकं, खडकाच्या अंगाला घासून जाणारं ऊन. वालुकाश्मात जे तिरपे तिरपे थर दिसतात ते बऱ्याच ठिकाणी करोडो वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचे आहेत, दगड झालेल्या, आणि तो एकेक थर केसाएवढाच वर आलेला असतो. तुमच्या पाठीमागून खडकावर सरळ ऊन पडलं की ते सगळे पुसले जातात, बाजूने पडलं की प्रत्येकाला आपली सावली मिळते. तुम्ही बघताय ती दिशा आणि ऊन येतंय ती दिशा यांच्यात साधारण ६० ते ९० अंशांचा कोन असेल तर खडकाला गोलाई येते. फार मोजत बसायची गरज नाही, जमिनीवर स्वतःची सावली बघा, ती तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला पडत असेल तर बरोबर उभे आहात, नाकासमोर पडत असेल तर ऊन मागून येतंय, दहा-वीस पावलं सरका.

कमानी आणि सुळके यांच्यासाठी मात्र समोरून येणारं ऊन फार छान. म्हणजे सूर्य खडकाच्या मागे, खडक काळा किंवा जवळपास काळा, कडेने सोनेरी रेघ. इथे खडकाची बाह्यरेषा हीच सगळी गोष्ट असते, म्हणून आधी बघा की ती आकाशाच्या पार्श्वभूमीवर स्वच्छ सुटी दिसतेय का, मागच्या डोंगरात मिसळत असेल तर खाली बसा, अजून खाली, पोटावर झोपा लागलं तर. सूर्य कमानीच्या कडेला अर्धवट लपवून एफ/१६ ला (एफचा आकडा मोठा म्हणजे लेन्सचं छिद्र लहान) फोटो काढला की त्याचे टोकदार किरण दिसतात, हे सगळेच करतात, पण एखादा फोटो तसा असायला काही हरकत नाही.

आणि सूर्य मावळला की ट्रायपॉड घडी करू नका, ही कळकळीची विनंती आहे. मावळल्यानंतरची दहा-वीस मिनिटं आकाश पश्चिमेकडून मोठ्या मऊ दिव्याचं काम करतं, लाल खडकांचा रंग गडद होत जातो आणि सावल्या कडक राहत नाहीत. त्याच वेळी मागे वळून पूर्वेला बघा, क्षितिजावर निळसर करडा पट्टा आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा दिसेल, तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. वाळवंटात हवा कोरडी आणि क्षितिज मोकळं, त्यामुळे तो फार स्वच्छ दिसतो, आणि त्याच्यासमोर एखादा एकटा खडक असेल तर मी तरी पश्चिमेकडचं पेटलेलं आकाश सोडून इकडेच वळेन. पहाटे हेच उलट्या क्रमाने घडतं, म्हणून पहाटेच्या फोटोसाठी सूर्योदयाच्या निदान ४५ मिनिटं आधी जागेवर असायला हवं.

दुपारबद्दल. दुपारी काहीच होत नाही, झोपा, असं सगळे सांगतात आणि उघड्या मैदानासाठी ते खरंही आहे. पण अरुंद घळी दुपारच्याच. ॲरिझोनातल्या अँटेलोप कॅन्यनमध्ये उन्हाळ्यात दुपारच्या सुमाराला वरच्या फटीतून उजेडाचे खांब खाली उतरतात, आणि खांब नसतील तेव्हासुद्धा ऊन या भिंतीवरून त्या भिंतीवर उसळत खाली येताना वर पिवळं, मध्ये केशरी, खाली जांभळट होत जातं. अशा ठिकाणी फ्रेममध्ये आकाशाचा तुकडा किंवा थेट उन्हाचा पट्टा शक्यतो येऊ देऊ नका, तो पांढरा फटक जळतो आणि बाकी सगळं त्याच्यामुळे काळं पडतं. ॲरिझोनातलीच द वेव्ह ही जागासुद्धा सूर्य बराच वर असताना चांगली, कारण सकाळ-संध्याकाळ तिच्या खळग्यांत मोठमोठ्या सावल्या पडून रेषा तुटतात. म्हणजे परत तेच, त्या खडकाला कुठलं ऊन हवंय ते बघायचं. (द वेव्हला जायला परमिट लागतं आणि ते लॉटरीने मिळतं, दिवसाला जास्तीत जास्त ६४ माणसं.)

घळीत शिरण्याआधी हवामान बघणं मात्र गंमत नाही. डोक्यावर स्वच्छ ऊन असताना कित्येक किलोमीटर लांब पडलेल्या पावसाचं पाणी अचानक भिंतीसारखं उभं येतं. १२ ऑगस्ट १९९७ ला अँटेलोप कॅन्यनमध्ये असंच झालं, ११ जण गेले. आसपासच्या सगळ्या भागाचा अंदाज बघा, नुसता त्या जागेचा नाही, आणि तिथला गाइड नको म्हणाला तर वाद न घालता परत फिरा.

खडक कुठला आहे यावरही बरंच ठरतं. वालुकाश्म ऊन पितो आणि रंग परत देतो, सकाळ-संध्याकाळ त्याच्याइतका सुंदर काही नाही. जॉर्डनमधल्या वादी रममध्ये खाली ग्रॅनाइट आणि वर वालुकाश्म असे दोन वेगळे स्वभाव एकाच कड्यात दिसतात, खाली कडक, भेगाळलेला, वर वितळल्यासारखा, आणि ती मधली सीमारेषा फ्रेममध्ये घेतली की फोटोला काहीतरी सांगायला मिळतं. नामिबियातला स्पिट्सकॉप सगळा ग्रॅनाइटचा, गोलगरगरीत, तिथे मोठमोठ्या सावल्या आणि वळणं शोधायची, बारीक पोत नाही. इजिप्तच्या व्हाइट डेझर्टमध्ये खडूचे पांढरे खडक आहेत, आणि तिथे कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, त्याला सगळं मध्यम करडं करायची सवय असते म्हणून पांढरा खडक मळका येतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ किंवा गडद करायचा ते) अधिक १ च्या आसपास द्या आणि हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा उजेडाचा आलेख, उजवीकडे टेकत नाही ना ते बघा.

काही कड्यांवर काळसर, तपकिरी, चकाकणारे ओघळ दिसतात, ते म्हणजे लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडचा आणि मातीचा फार पातळ थर, डेझर्ट व्हार्निश म्हणतात त्याला. ऊन पडलं की तो चकाकतो आणि खालचा रंग झाकून टाकतो. इथे पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, खरा उपयोगी पडतो, हळूहळू फिरवा, एका जागी चकाकी जाऊन लाल रंग वर येतो. आकाशासाठी मात्र तो जपून वापरा. पोलरायझरचा जोर सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे वाइड लेन्सवर, म्हणजे खूप रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सवर, आकाशाचा एक पट्टा गडद निळा आणि बाकीचा फिका असं विचित्र दिसतं, आणि ते नंतर नीट करणं कटकटीचं आहे. वाळवंटातलं आकाश आधीच निळं असतं, त्याला अजून काळं कशाला करायचं.

भूछत्र खडक म्हणजे खाली बारीक मान आणि वर मोठं डोकं, भूगोलाच्या पुस्तकात असतात ते. वाऱ्याबरोबर उडणारी वाळू जमिनीलगतच जास्त असते आणि तळाशी ओलावा, क्षार वगैरेही काम करतात, त्यामुळे मान झिजत जाते. उभं राहून फोटो काढला तर डोकंच दिसतं. गुडघ्याच्या खाली कॅमेरा न्या, मानेच्या मागे आकाश दिसू द्या, मग कळतं की एवढं वजन कशावर उभं आहे.

वाइड लेन्सबद्दल एक गैरसमज फार आहे. मोठी जागा म्हणून मोठी वाइड लेन्स, असं करून लोक १६ मिमी लावतात आणि मग तो भव्य कडा फ्रेमच्या मधोमध छोटासा, वर रिकामं आकाश, खाली रिकामी वाळू. वाइड लेन्स जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान करते, म्हणून ती वापरायची असेल तर पायाशी काहीतरी पाहिजेच, वाळूवरच्या लाटा, तडकलेला चिखल, एखादं वाळलेलं झुडूप, खडकाचाच तुटलेला तुकडा, आणि त्याच्या अगदी जवळ जा, हातभर अंतरावर. असं काही नसेल तर सरळ ७० ते २०० मिमी लावा, मागे जा आणि एकामागे एक उभे असलेले खडक एकमेकांवर चढू द्या, अंतर कमी झाल्यासारखं वाटतं, आणि हवेतल्या धुळीमुळे प्रत्येक मागची रांग थोडी फिकी होत जाते, तेवढ्याने खोली येते. मात्र ही लांबचं जवळ आणणारी टेली लेन्स सकाळी किंवा अगदी संध्याकाळी, कारण जमीन तापली की हवा थरथरते आणि दुपारी लांबचा खडक कितीही चांगल्या लेन्सने काढला तरी उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा बिनधार येतो. फोकस चुकला असं वाटतं, पण चूक हवेची असते.

आकार किती मोठा आहे हे दाखवायला माणूस लागतो. वाळवंटात झाडं नाहीत, घरं नाहीत, त्यामुळे दहा मीटरचा खडक आणि दोनशे मीटरचा कडा फोटोत सारखेच दिसू शकतात. सोबतच्याला तिथे उभं करा, लहान दिसू दे, आकाशासमोर किंवा उजळ वाळूवर, गडद खडकासमोर नको, तिथे तो हरवतो. आणि कमानीवर चढवू नका कुणाला, बऱ्याच ठिकाणी बंदी असते आणि नसली तरी नको. पावसानंतर तर वालुकाश्मावर अजिबात चढू नका, ओला झाला की तो कमजोर होतो, हातातली पकड तुटून येते. पावसानंतर फोटो मात्र जरूर काढा, रंग गडद होतात आणि खडकातल्या खळग्यांत पाणी साचतं, त्यात उलटा सुळका दिसतो, खळग्याच्या काठावर कॅमेरा जवळजवळ टेकवून काढायचा.

सेटिंग. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, एफ/८ ते एफ/११, शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) जे येईल ते. एफ/२२ करू नका, सगळं शार्प होईल असं वाटतं पण डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे, सगळंच थोडं मऊ पडतं. फोकससाठी एक आकडा लक्षात ठेवा, फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) २० मिमी लेन्स एफ/११ ला असेल तर साधारण सव्वा मीटरवर फोकस लावल्यावर हिशोबाने साठ-पासष्ट सेंटीमीटरपासून पार लांबपर्यंत सगळं चालेल इतपत शार्प असतं. सेन्सर जास्त मेगापिक्सेलचा असेल तर दीड-दोन मीटरवर लावा, लांबचा कडा जास्त खणखणीत येतो. जवळची वस्तू त्याहून जवळ असेल तर दोन-तीन फोटो वेगवेगळ्या फोकसवर काढून नंतर जोडा.

रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्येच, काढा. आणि लाल खडकांसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, साधा पांढरा हिस्टोग्राम बघू नका, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा लावा. मावळतीच्या उन्हात लाल चॅनल सगळ्यात आधी भरून वाहतो, सरासरी हिस्टोग्राम ठीक दिसत असतो आणि खडकाचे बारीक थर मात्र लाल रंगाच्या एका गोळ्यात विरघळून गेलेले असतात. लाल उजवीकडे टेकायला लागला की एक्सपोजर अर्धा-एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). आकाश आणि सावली यांच्यात फारच फरक असेल तर एक कमी, एक बरोबर, एक जास्त असे तीन काढून ठेवा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा गरम-थंडपणा ठरवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा तो सोनेरीपणा चूक समजून धुऊन काढायला बघतो, म्हणून डेलाइटवर ठेवा, स्क्रीनवर दिसणारा रंग तरी समोरच्याच्या जवळ राहतो.

फोनवर काढणार असाल तरी वरचं सगळं लागू आहे, ऊन तेच असतं ना. फक्त बोटाने झूम करू नका, फोनमध्ये जी टेली लेन्स असेल तिच्यावरच जा, आणि खडकाच्या उजळ भागावर बोट दाबून एक्सपोजर लॉक करून थोडं खाली ओढा. फोन उन्हात तापला की स्वतःच स्क्रीन मंद करतो किंवा कॅमेरा बंद करतो, त्यामुळे मधल्या वेळेत सावलीत ठेवा.

वाळू हा कॅमेऱ्याचा खरा शत्रू. वाळूत बहुतांशी क्वार्ट्झ असतं आणि ते काचेपेक्षा कडक, म्हणून लेन्सवर धूळ बसली तर कापडाने पुसायला धावू नका, चरे पडतील, आधी ब्लोअरने उडवा, मग मऊ ब्रश, मग अगदी शेवटी कापड. वारं असताना लेन्स बदलू नका, बदलायचीच असेल तर गाडीत काचा वर करून किंवा बॅगेच्या आत, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून. दोन बॉडी असतील तर एकीवर वाइड आणि दुसरीवर टेली लावून विषयच संपवा. ट्रायपॉडचे पाय वाळूत रुतवताना सगळ्यात खालचा भाग आधी बाहेर काढा, म्हणजे त्याचं लॉक वाळूच्या वर राहतं, नाहीतर कण आत जातात आणि मग प्रत्येक वेळी करकर. थोडा दाबून बसवा, मगच कॅमेरा चढवा.

रात्रीसाठी वाळवंटासारखी जागा नाही. अमावस्येच्या आसपास जा. उत्तर गोलार्धात आकाशगंगेचा मधला भरगच्च भाग साधारण मार्च ते ऑक्टोबर दिसतो, मार्चमध्ये पहाटेच्या आधी आणि जून-जुलैत रात्रभर. एफ/२.८, आयएसओ ३२००, आणि शटरसाठी ५०० भागिले फोकल लेन्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा), म्हणजे २० मिमीला २५ सेकंद. आताच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर २५ सेकंदांत तारे जरा लांबट होतात, मला १५ सेकंद बरे वाटतात. फोकस मॅन्युअल, लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवरच्या थेट दृश्यात) एखादा ठळक तारा मोठा करून तो सगळ्यात छोटा ठिपका होईपर्यंत फिरवा. खडक काळा धोंडा होऊ नये म्हणून निळसर उजेड असतानाच त्याच जागेवरून खडकाचा एक फोटो काढून ठेवा आणि ट्रायपॉड न हलवता ताऱ्यांची वाट बघा. किंवा चंद्राची कोर ते अर्धा चंद्र असताना जा, तेवढा उजेड खडकाला पुरतो आणि बरेच तारेही राहतात. टॉर्चने खडक रंगवायचा प्रकार मला आवडत नाही, कुठल्याही खडकावर टॉर्चचा उजेड सारखाच चपटा पडतो, शिवाय काही पार्कांत त्याला बंदी आहे, जाण्याआधी नियम वाचा.

पूर्ण चंद्राचाही उपयोग आहे. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी चंद्र सूर्य मावळण्याच्या थोडा आधी उगवतो, त्यामुळे खडकावर अजून ऊन असतं आणि चंद्र व खडक दोन्ही एकाच एक्सपोजरमध्ये बसतात. पौर्णिमेनंतर तो रोज साधारण ५० मिनिटं उशिरा, म्हणजे अंधारात, आणि मग एक तरी जळतंच. चंद्र मोठा दिसायला खडकापासून लांब जा. आकाशात चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, म्हणजे १ किलोमीटर लांबच्या साधारण ९ मीटर रुंद वस्तूएवढा. १८ मीटरची कमान चंद्राच्या मापाची हवी असेल तर २ किलोमीटर मागे आणि ४०० मिमी किंवा त्याहून मोठी लेन्स. वाळवंटी रात्री थंड असतात, थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात, जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.

पाय कुठे ठेवता ते बघा. काही वाळवंटांत जमिनीवर काळपट, खडबडीत, छोटी छोटी टेकाडं असलेली खपली दिसते, ती जिवंत असते, सायनोबॅक्टेरिया, दगडफूल, शेवाळ यांची, आणि वाळू उडण्यापासून तीच धरून ठेवते. तिच्यावर पडलेलं एक पाऊल भरून यायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात, म्हणून पायवाट, उघडा कातळ किंवा कोरड्या ओढ्याची वाळू यावरूनच चाला, कितीही चांगला अँगल दिसला तरी. अल्जीरियातल्या तासिली नाज्जेर किंवा वादी रममध्ये खडकांवर हजारो जुनी चित्रं आणि कोरीव काम आहे, त्यांना हात लावू नका, आणि रंग उठून दिसावा म्हणून त्यांच्यावर पाणी मारायचं तर मनातही आणू नका. कोरलेल्या रेषा तिरक्या उन्हात आपोआप उठून दिसतात. २०१३ मध्ये युटाच्या गॉब्लिन व्हॅलीत एका माणसाने एक खडक ढकलून पाडला आणि ते शूट करताना सोबतचे हसत होते, ते बघून अजूनही राग येतो.

ऑस्ट्रेलियात उलुरूच्या काही बाजू तिथल्या अनांगू लोकांसाठी पवित्र आहेत, तिथे फोटो काढू नका असे बोर्ड आहेत, ते पाळा. वर चढणंही २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे. ड्रोन अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांत २०१४ पासून चालत नाही, मॉन्युमेंट व्हॅली नावाहो लोकांच्या जमिनीवर आहे आणि तिथेही नाही. पाणी माणशी दिवसाला निदान ४ लिटर, परतीचा रस्ता जीपीएसवर आधीच नोंदवलेला, हेडलॅम्प दोन, आणि कुठे चाललोय हे कुणालातरी सांगून जा, कारण सगळे चांगले फोटो अंधार पडताना होतात आणि अंधारात सगळे खडक सारखे दिसतात.

एडिटिंगमध्ये हात आखडता घ्या. क्लॅरिटी (पोताचा उठाव) आणि सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) दोन्ही ओढले की खडक प्लास्टिकचा होतो. मी आधी फक्त हायलाइट थोडे खाली आणतो, मग केशरी आणि लाल यांची ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) वेगवेगळी हलवून बघतो, सॅच्युरेशनपेक्षा त्याने थर छान सुटतात. सावलीतला निळेपणा पूर्ण काढू नका, उन्हाचा केशरी आणि सावलीचा निळा एकत्र असतात म्हणूनच ऊन गरम वाटतं. मग आकाश शंभर टक्क्यांवर मोठं करून धुळीचे ठिपके शोधून काढा, एफ/११ ला ते हटकून दिसतात, आणि कार्ड रिकामं करण्याआधी दोन ठिकाणी कॉपी झाली आहे ना ते उघडून तपासा.